मानपत्रात जनरेटर नसतो

आमच्या वाडीत कोणी नोकरीतून निवृत्त झालं की त्याला शाल, नारळ आणि मानपत्र मिळतं. शाल पुढच्या एखाद्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, नारळ त्याच दिवशी वाटपात जातो, मानपत्र मात्र राहतं. ते काचेच्या फ्रेममध्ये असतं, त्यामुळे टाकवत नाही.

लहानपणी मी वाचायला शिकले ती बरीचशी या फ्रेमांवरूनच. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पण शेजाऱ्यांच्या भिंती होत्या. पोस्टमनच्या भिंतीवर तो ‘ज्ञानगंगेचा भगीरथ’ होता. तलाठी ‘हिमालय’ होता, आणि आमच्या वाडीत हिमालय कोणीच पाहिलेला नव्हता. ग्रामसेवक ‘वटवृक्ष’ होता. वडाखाली दुसरं झाड वाढत नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावं असा मला पुढे संशय आला. पण मी खात्रीने सांगू शकत नाही.

ही सगळी मानपत्रं शाळेतल्या गुरुजींनी लिहिलेली. ते म्हातारपणी लेकाकडे दापोलीला राहायला गेले आणि त्यानंतर निवृत्त झाले ते आमचे वायरमन. मग लिहिणार कोण? मी रत्नागिरीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि विषय मराठी. आजवर या विषयाचा उपयोग काय, हे आईने मला अनेकदा विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं. आता तो सापडला म्हणून आई खूश होती.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष आंब्याच्या बागांचे मालक, मी जन्मले तेव्हापासून तेच अध्यक्ष आहेत.

“पाच तरी उपमा पायजेत,” अध्यक्ष मला म्हणाले. “कमी पडल्या तर मानसाला वाटतं, आपलं कौतुक आटपलं.”

“दीपस्तंभ घाल गो,” खांबाला टेकलेले एक आजोबा म्हणाले.

“दीपस्तंभ नको. दीपस्तंभ जाग्यावर सापडतो. हा कदी सापडला?”

सगळे हसले.

“मगे सूर्य घाल.”

“सूर्य चालंल,” अध्यक्ष म्हणाले. “सूर्यपन पावसात चार-चार दिवस नसतो.”

मी वहीत ‘सूर्य’ लिहून घेतलं. बाबा मागे बसले होते, ते हसले नाहीत. आपली मुलगी चारचौघांत वहीत लिहितेय याचं त्यांना दडपण आलं असेल असं मला तेव्हा वाटलं.

त्याच महिन्यात वर्गात आम्हाला सर रूपक शिकवत होते. रूपक फक्त कवितेत असतं असं मी समजत होते. सर म्हणाले, तुम्ही सकाळपासून जे बोललात त्यातलं निम्मं रूपक आहे, फक्त वापरून वापरून झिजलंय. मी प्रामाणिकपणे वही काढली आणि येता-जाता ऐकू लागले. बाजारात सुरमईचा भाव चढला होता, आणि चढायला त्याला जिना लागला नव्हता. बसमध्ये एकजण दुसऱ्याला ‘वेळ खाऊ नको’ म्हणत होता. बाबा माझ्या भावाच्या डोक्याला जांभा म्हणायचे. चिऱ्याच्या खाणीत काम केलेल्या माणसाने असं म्हणावं यात काही नवल नाही. शेजारणीबद्दल आई म्हणाली, “तिची जीभ म्हंजे विळी.”

“आई, तू आत्ता रूपक वापरलंस.”

“मी कशाला वापरू? मी हातपन नाय लावला.”

पुढे दोन दिवस आई माझ्यासमोर जपून बोलली. ते दोन दिवस घरात अगदी कंटाळवाणे गेले.

सरांनी आम्हाला एक रीत सांगितली होती. कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात खरी गोष्ट, दुसऱ्यात तिला काय म्हटलंय ते, आणि खऱ्यातलं जे त्या रूपकात कुठेच बसत नाही ते तिसऱ्यात. “तिसरा रकाना फार भरला तर रूपक टाकून द्या,” सर म्हणाले होते. वर्गात हे कोणीच केलं नाही, कारण परीक्षेला ते विचारत नाहीत.

मी मानपत्राचा पहिला खर्डा लिहिला. ‘अंधाराच्या गर्भातून प्रकाशाची पहाट फुलवणारे आपण आमच्या वाडीचे सूर्य आहात,’ अशी सुरुवात होती. मला ती फार आवडली. नोकरी कधी लागली, कुठे कुठे बदली झाली, एवढी माहिती हवी होती म्हणून मी वायरमनच्या घरी गेले. ते मिरजोळ्याच्या बाजूला राहतात. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. त्यांच्या उजव्या हाताला शेवटची दोन बोटं नाहीत. ‘शॉक लागला होता’, एवढंच आम्हा मुलांना माहीत होतं.

काकींनी कोकम सरबत दिलं. मी भीत भीत खर्डा वाचला.

“सूर्य कोन?” काकांनी विचारलं.

“तुम्ही, काका.”

“अगो बाय, मी पोलावर चढायच्या आदी पयली सगळ्यांची लाइट घालवतो. लोकं घरातून शिव्या घालतात. सूर्याला कोन शिव्या घालतो काय?”

मी वहीत तिसऱ्या रकान्यात ‘शिव्या’ लिहिलं.

काकांना माझ्या लिहिण्याचं हसू आलं असावं. मग ते गंभीर झाले आणि त्यांनी तो हात माझ्यासमोर, सरबताच्या पेल्याशेजारी ठेवला.

ती गोष्ट मी शाळेतही जात नव्हते तेव्हाची. देवळात सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा होती. दुपारी कथा चालू असताना लाइट गेली आणि भोंगे बंद पडले. काकांना निरोप गेला. ते आले, त्यांनी डीपीवरचा सप्लाय काढला आणि देवळामागच्या पोलावर चढले. तेवढ्यात देवळात कोणीतरी जनरेटर सुरू केला. जनरेटर लावताना देवळाचा मेन स्विच बंद करायचा असतो, तो केला नाही. त्यामुळे जनरेटरचा करंट देवळाच्या वायरिंगमधून उलटा बाहेरच्या तारेत गेला. तार मेलेली आहे असं समजून काकांनी ती हातात धरली होती.

“बोटं गेली ती गेली,” काका म्हणाले. “त्याचं मी धरून बसलो नाय. पन चौकशी लागली तेव्हा तुमच्या वाडीनं लिवून दिलं, जनरेटर बंद होता. मगे करंट कुठनं आला? म्हंजे मी सप्लाय न काढता चढलो. माझ्या कागदावर ‘निष्काळजीपणा’ असं लिवलं. इतकी वर्षं मी पोलावर चढलो, एकदापन सप्लाय न काढता चढलो नाय. आनी तो शब्द घेऊन मी घरी आलोय.”

मी पेला उचलला आणि परत ठेवला.

“मला सूर्य नको, चंद्र नको,” काका म्हणाले. “जनरेटर चालू होता, एवढं एक वाक्य लिव. वाडीच्या कागदावर. लिवलंत तर मी येन. नायतर नारळ तुमीच फोडा.”

घरी आल्यावर मी हे बाबांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी घास ताटात ठेवला.

“दोरी मी ओढली,” ते म्हणाले.

“कसली दोरी?” मी विचारलं. जनरेटरची. भोंगे बंद पडले तेव्हा पूजेला यजमान म्हणून अध्यक्ष आणि त्यांची बायको बसली होती. पूजेवरून उठता येत नाही, म्हणून अध्यक्षांनी बसल्या जागेवरून बाबांना हाताने खूण केली, लाव. बाबांनी लावला. मेन बंद करायचा राहिला.

“आणि तो कागद?”

“तो तयार करून आनला होता. पयली सही अध्यक्षांची. ती बघून बाकीच्यांना धीर आला, मीपन केली. मला वाचून कोनी दाखवलं नाय, पन काय लिवलंय ते मला म्हाईत होतं.” मग त्यांनी विचारलं, “माझं नाव घालनार काय तू?”

“काकांनी नाव मागितलं नाही.”

“तू घालनार काय?”

मी म्हटलं, माहीत नाही. ते खरंच होतं. एका बाजूला काकांचा तो शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला माझे बाबा. मधे मी वही घेऊन बसले होते, जिच्यात लिहिलं होतं की रूपकामुळे भाषेला सौंदर्य येतं.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे गेले. मी फार घाबरले होते, पण काकांचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते रागावले नाहीत. मोठ्या माणसाने लहानाचं गणित तपासावं तसे ते हसले.

“मानपत्र म्हंजे पंचनामा नाय गो,” ते म्हणाले. “पन त्याची इच्छा हाय तर घालू या ना. असं लिव. ‘कर्तव्याच्या यज्ञकुंडात आपण आपल्या दोन बोटांची आहुती दिलीत.’ बघ. बोटं आली, काम आलं, देवपन आला. आनी काय पायजे?”

“जनरेटर,” मी म्हटलं.

“मानपत्रात जनरेटर नसतो बाय.”

त्यांनी माझ्यासमोरच काकांना फोन केला आणि सांगितलं, “तुमची ती गोष्ट घातलीय हां मानपत्रात. या तुमी.” हे खोटं होतं असंही म्हणता येत नव्हतं. गोष्ट घातलेली होती, फक्त तिला आता सोवळं नेसवलं होतं. काका येतो म्हणाले.

तो मजकूर मी सरांना दाखवला. त्यांनी ‘आहुती’भोवती लाल शाईने गोल केला आणि शेजारी ‘सुंदर’ असं लिहिलं. वर्षभरात माझ्या कुठल्याही ओळीला त्यांनी सुंदर म्हटलं नव्हतं, आणि ही तर माझी ओळ नव्हती.

लायब्ररीत बसून मी तीन रकाने आखले. पहिल्यात ‘पोलावरचं काम’, समोर ‘यज्ञ’. पहिल्यात ‘करंट’, समोर ‘अग्नी’. पहिल्यात ‘बोटं’, समोर ‘आहुती’. इथपर्यंत सगळं छान बसलं. मग मला आठवलं, यज्ञात आहुती आपण होऊन जात नाही. ती यजमान टाकतो. मी दुसऱ्या रकान्यात ‘यजमान’ लिहिलं आणि पहिल्या रकान्यात त्याच्यासमोर काय येतं ते शोधू लागले. काका यजमान नव्हते, त्यांनी काही टाकलं नव्हतं. त्या दिवशीच्या पूजेला यजमान कोण बसलं होतं ते मला ठाऊक होतं. अध्यक्षांनी स्वतःच सांगितलेल्या रूपकात ते स्वतःच येऊन बसत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

तिसऱ्या रकान्यात जनरेटर, मेन स्विच, खोटा कागद, सह्या आणि बाबा. तो रकाना पानाच्या खालपर्यंत गेला.

मी तो कागद सरांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा काढून पुसला, कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले, “बरोबर आहे तुझं. पण हे परीक्षेत लिहू नकोस, वेळ पुरत नाही.”

‘सुंदर’ त्यांनी खोडलं नाही. कदाचित राहून गेलं असेल.

फ्रेम करणारं दुकान रत्नागिरीत होतं आणि मी रोज रत्नागिरीत जात होते, म्हणून शुद्धलेखन तपासायचं काम अध्यक्षांनी माझ्याकडेच दिलं. हा त्यांचा माझ्यावरचा विश्वास होता. त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटतं. मात्र चौकशीतल्या त्या खोट्या कागदाबद्दल वाईट वाटलेलं मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, म्हणून मी फार वाईट वाटून घेत नाही.

दुकानात जायच्या आदल्या संध्याकाळी मी बाबांना नवीन मजकूर वाचून दाखवला. सगळं ‘आम्ही’ असं होतं. आमचा जनरेटर. आम्ही लिहून दिलं.

“आम्ही म्हंजे किती जन?” बाबांनी विचारलं.

“ज्यांनी सही केली ते सगळे.”

“दोरी सगळ्यांनी नव्हती ओढली,” ते म्हणाले. मग म्हणाले, “ऱ्हाव दे तसंच.” त्यांना हायसं वाटलं की उलट, हे मला आजही कळलेलं नाही.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीला मी सांगितलं, हे वाक्य काढायचं आणि हे घालायचं.

“आहुती काढू? चांगलं वाटत होतं ताई.”

“काढा.” माझा आवाज इतका बारीक निघाला की तिने पुन्हा विचारलं आणि मला पुन्हा म्हणावं लागलं.

“सूर्यपन काढला तुम्ही. मग बॉर्डरला घालू? फ्री आहे.”

मी नको म्हणेपर्यंत चारी कोपऱ्यांत सूर्य उगवले होते. ते मी राहू दिले. एका दिवसात सगळंच सुधारायची माझी हिंमत नव्हती. फ्रेम मी कागदात गुंडाळूनच घरी आणली.

समारंभ रविवारी सकाळी सभामंडपात झाला. काकांना फेटा बांधला होता. काकी इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शाल झाली, नारळ झाला. मग मी माइकपाशी गेले आणि फ्रेम दोन्ही हातांनी धरून वाचायला लागले. काचेवर पंख्याचं प्रतिबिंब फिरत होतं, त्यामुळे ओळ सापडत नव्हती.

आमच्याकडे मानपत्र ऐकायची एक पद्धत आहे. वाचणारा श्वास घ्यायला थांबला की लोक टाळ्या वाजवतात. काय वाचलं ते कोणी ऐकत नाही, श्वास ऐकतात. नोकरी कधी लागली, टाळ्या. कुठे बदली झाली, टाळ्या. मग मी वाचलं, “आमच्या पूजेच्या दिवशी तुम्ही सप्लाय काढूनच पोलावर चढला होता. आमचा जनरेटर चालू होता. आम्ही मेन बंद केला नव्हता. त्याचा करंट तारेत गेला आणि तुमची दोन बोटं गेली.”

मी श्वास घेतला. टाळ्या झाल्या.

“चौकशीत आम्ही जनरेटर बंद होता असं लिहून दिलं. ते खोटं होतं. त्यामुळे तुमच्या कागदावर निष्काळजीपणा असा शब्द लागला. तो तुमचा नाही, आमचा आहे.”

मागे दोघा-तिघांनी टाळ्या सुरू केल्या आणि मधेच हात थांबवले. खांबाला टेकलेले आजोबा सरळ बसले. कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फ्रेमकडे पाहिलं, आणि मला वाटतं, ती काच किती जाड आहे याचा ते अंदाज घेत होते.

मी उरलेलं कसंबसं वाचलं आणि फ्रेम काकांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली. उरलेल्या बोटांपैकी एक काचेवरून फिरवत त्यांनी ती ओळ शोधली आणि ओठ हलवत वाचली. मग काकींना दाखवली. काकींना वाचता येत नाही, तरी त्या त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

अध्यक्ष माइकपाशी आले. “आपल्या विद्यार्थिनीनं भावनेच्या भरात,” त्यांनी सुरुवात केली. भावनेच्या भराबद्दल ते बोलत असताना काकांनी फ्रेम काकींकडे दिली, ते उठले आणि फेटा-शालीसकट देवळाच्या स्विचबोर्डाकडे गेले. सत्कारमूर्ती अशी मधेच कधी उठत नाही, त्यामुळे सगळे मान वळवून बघायला लागले.

“चेंजओव्हर बसवलात काय?” काकांनी विचारलं.

मेन तरी चालू राहील नाहीतर जनरेटर तरी, दोन्ही एकदम चालूच होऊ शकणार नाहीत, असा तो स्विच असतो. बोर्डावर तो नव्हता. बोर्डाशेजारी खिळ्याला जनरेटरची वायर लटकत होती. काकांनी ती हातात घेऊन बघितली. दोन्ही टोकांना पिनाच होत्या, एक जनरेटरला लावायची आणि दुसरी सरळ देवळाच्या सॉकेटमध्ये. “तेव्हा होती तीच वायर,” ते म्हणाले.

“स्क्रू-ड्रायव्हर आना कोनीतरी.”

बाबा उठले. ते एवढ्या लोकांमधून उठून चालत जातील असं मला वाटलं नव्हतं. पुजाऱ्याच्या खोलीतून ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले आणि काकांसमोर धरून उभे राहिले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

“मेन बंद कर,” काका म्हणाले.

बाबांनी मेन खाली ओढला. पंखे मंद होत होत थांबले. माइक गेला. अध्यक्षांचं भाषण चालूच होतं, फक्त आता ते पहिल्या दोन रांगांपुरतं उरलं.

“आता हितंच उभा ऱ्हा. मी सांगीपर्यंत कोनाला हात लावू देऊ नको.”

बाबा स्विचच्या पेटीवर तळहात ठेवून उभे राहिले. काकांनी शाल कमरेला गुंडाळली आणि ती पिन जिथे जायची ते सॉकेटच काढून टाकण्यासाठी ते बोर्डाचे स्क्रू सोडवायला लागले. तीन बोटांनी ते काम हळू होत होतं. लोक रुमालांनी, पदरांनी वारा घ्यायला लागले. थोड्या वेळाने पहिल्या रांगेतला एकजण घाम पुसत उठून आला.

“जरा पंखे तरी लाव रे. लोकं उकडतायत.”

“त्यांना विचार,” बाबा म्हणाले.

त्यांनी हात काढला नाही.